मेंबरशिप घेऊन खासगी जेट: धंदा परवडतो का?

सराफबाजार_जळगाव:
चुलतभावाच्या डोक्यात खूळ शिरलंय. पन्नास मेंबर जमवायचे, प्रत्येकी 10 लाख, सहा सीटचं विमान भाड्याने घ्यायचं. जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी, शिरपूरलाही आहे. मेंबरने फोन केला की विमान हजर. अमेरिकेत असं चालतं म्हणे. माझ्याकडे पहिले 10 लाख मागतोय. जाणकारांनी सांगा, यात कुणी कमावलंय का?

सावदा_ट्रान्सपोर्ट:
भाऊ, मला विमानातलं कळत नाही, रिकाम्या गाडीतलं कळतं. माझ्या गाड्या सावद्याहून केळी घेऊन दिल्लीला आझादपूर मंडीत जातात. जाताना भाडं आहेच. रिटर्न नाही मिळालं तर येतानाचं डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळा केळीच्या भाड्यातून. म्हणून ड्रायव्हर दिल्लीत दोन-दोन दिवस मुक्काम ठोकतो, पण रिकामा येत नाही. तुमच्या मेंबरला सकाळी मुंबईत सोडलं, तिथून जळगावला विमानात कोण बसणार? आणि ते मुक्काम ठोकूही शकत नाही, कारण दुपारी दुसऱ्या मेंबरचा फोन येतो.

दुसरी गोष्ट, मेंबरचे 10 लाख म्हणजे गल्ला नाही, उचल आहे. उड्डाण करून फेडायची. अमेरिकेत व्हील्स अप नावाची कंपनी 2013 ला निघाली, 2021 मध्ये शेअर बाजारात आली. लोकांनी उड्डाणांचे पैसे आगाऊ भरले, 2022 अखेरीस हा आकडा अब्ज डॉलरच्या घरात होता. मेंबरांना ताशी दर बांधून दिलेला. करोनानंतर गर्दी उसळली, स्वतःची विमानं पुरेनात, मग बाहेरून महागड्या भाड्याने आणा आणि मेंबरकडून जुनाच दर घ्या! 2022 चा तोटा 55 कोटी डॉलरच्या वर. त्यात आधी विकत घेतलेल्या कंपन्यांची किंमत वहीत खाली आणल्याचा कागदी तोटाही होता, पण रोकडही आटलीच. 2023 मध्ये डेल्टा एअरलाइन्स आणि सोबतच्यांनी 50 कोटी डॉलर ओतले तेव्हा जीव वाचला.

भुसावळ_जंक्शन:
पण जिम चालतातच ना मेंबरशिपवर? मी गेल्या जानेवारीत वर्षाचे भरले, अकरा दिवस गेलो.

सावदा_ट्रान्सपोर्ट:
तुम्ही गेला नाहीत म्हणूनच ती चालते! 10 लाख भरणारा घरी बसेल का? आणि सगळ्यांना एकाच दिवशी हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकींना माहेरी आणायचं असतं, तेव्हा गावात एक जीप मोकळी सापडते का बघा. त्या एका दिवसासाठी जीप वाढवल्या तर उरलेलं वर्ष त्या दारात उभ्या, हप्ता चालूच.

सराफबाजार_जळगाव:
मग वॉरन बफेची ती नेटजेट्स? भाऊ तिचंच नाव घेतोय.

सावदा_ट्रान्सपोर्ट:
तिचा हिशोब वेगळा. तिथे गिऱ्हाईक विमानाचा हिस्साच विकत घेतं. सोळावा हिस्सा घेतला तर वर्षाला 50 तास. शिवाय दरमहा देखभालीचे आणि उडाल तेवढ्या तासांचे वेगळे. म्हणजे गाडीचं भांडवल भाडेकरूचं. तरीही बफेच्या बर्कशायर कंपनीने ती 1998 मध्ये घेतल्यापासून 2009 पर्यंतची बेरीज मारली तर 15.7 कोटी डॉलर तोटाच. एकट्या 2009 मध्ये 71 कोटी गेले. मग वरचा माणूस बदलला, जास्तीची विमानं काढली, खर्च कापला, आणि 2010 मध्ये करापूर्वी 20.7 कोटी नफा. शेकडो विमानं असली की जवळचं रिकामं विमान पाठवता येतं. तुमच्याकडे एकच. ते दुरुस्तीला गेलं की पन्नास मेंबर तुमच्या पेढीवर.

सराफबाजार_जळगाव:
भावाला रिकाम्या फेरीचं विचारलं. म्हणे, येताना मुंबईहून दागिन्यांचं पार्सल आणू.

सावदा_ट्रान्सपोर्ट:
सोनं किती किलो भरेल हो? माझ्या गाडीला सोळा टन लागतात. पैसे द्यायचेच असतील तर मेंबरांच्या पैशाचं खातं वेगळं ठेवायचं कागदावर घ्या, आणि त्यातून विमानाचं भाडं जाणार नाही हेही लिहून घ्या. मग बघा तो काय म्हणतो.