शब्दचर्चा: ‘मेंदूला सूज’ म्हणजे नक्की काय? सूज, दाह की शोथ?

नळस्टॉपवाली:
दीड महिन्यापूर्वी आमचे काका कर्वे रस्त्यावर स्कूटरवरून पडले, हेल्मेट नव्हतं (हो, सगळ्यांनी ऐकवून झालंय). मुका मार होता, रक्त वगैरे काही नाही, पण डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज आहे. दहा दिवसांनी म्हणाले सूज उतरली, घरी न्या. आता फॉलोअपला गेलो तर दुसरे डॉक्टर म्हणतात इन्फ्लमेशन अजून चालू असू शकतं आणि स्ट्रेस हार्मोनचाही भाग असतो, म्हणून ही चिडचिड, मरगळ. काकू मला विचारतात, “उतरली होती ना सूज, मग परत कुठून आली?” काय सांगू? मराठीत ह्या दोन गोष्टींना दोन शब्द नाहीत का?

पेठेतला वैद्य:
आहेत की, पण वापरतो कोण. पाणी साचून फुगणं म्हणजे द्रवशोफ. इन्फ्लमेशनला दाह, किंवा शोथ. आंत्रपुच्छदाह (अपेंडिसायटिस), मस्तिष्कावरणदाह (मेनिन्जायटिस) हे शब्द त्यातूनच आले. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात इन्फ्लमेशनची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब, ठणका. म्हणजे सूज हे चारातलं एक लक्षण, आणि आपण त्या एकाच लक्षणाचं नाव अख्ख्या प्रकाराला देऊन बसलो.

फिजिओताई:
वैद्यबुवा, शब्द बरोबर आहेत पण काकूंना द्रवशोफ सांगून बघा, त्या अजून घाबरतील 😄

मी न्यूरोच्या पेशंटबरोबर काम करते, मी असं सांगते. डोक्याला बाहेरून टेंगूळ आलं तर त्याला वाढायला जागा असते, कवटीच्या आत जागाच नाही, त्यामुळे आत पाणी साचून मेंदू फुगला की दाब वाढतो आणि तेच जिवावर बेतणारं असतं. ही सूज साधारण पहिल्या काही दिवसांतली, मोठी असली की सीटी स्कॅनमध्ये दिसते. काकांची उतरली ती ही. दुसरी गोष्ट म्हणजे मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्या राखणदार पेशी, मार बसला की त्या जाग्या होतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. हे कामाचंच आहे, पण कधीकधी कचरा उचलून झाला तरी त्या शांत होत नाहीत, आठवडे, महिने, काहींच्यात वर्षंसुद्धा, आणि नेहमीच्या सीटीत ह्यातलं काही दिसत नाही. म्हणून “सूज उतरली” पण खरं आणि “इन्फ्लमेशन चालू असेल” पण खरं.

दाह शब्द मला पेशंटसमोर नको वाटतो. दाह म्हटलं की लोकांना आग, जळजळ आठवते आणि खुद्द मेंदूच्या पेशीजालाला तर वेदना कळतच नाही. एका आजोबांनी डोक्याला चंदनाचा लेप लावायला सुरुवात केली होती.

कोथरूडकर_७२:
चंदन 🙏
पण मरगळ शब्द भारी आहे. तापात अंगात कणकण असते, जेवण नको, कोणाशी बोलणं नको, पडून राहावंसं वाटतं, ते सायटोकाइनमुळेच ना?

फिजिओताई:
हो बरोब्बर, बराचसा भाग तोच. काकूंना हेच सांगा, ताप नसलेली कणकण आहे, ते मुद्दाम करत नाहीयेत.

डिप्लोमा_मेकॅनिकल:
‘स्ट्रेस’चं पण तेच झालंय. आम्हाला स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हान्स सेले ह्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांचं छोटंसं टिपण छापलं, पुढे त्याच कल्पनेला स्ट्रेस नाव पडलं, आणि नंतर तो स्वतःच म्हणाला की इंग्रजी चांगलं असतं तर स्ट्रेन (म्हणजे त्या बलाने वस्तूत होणारा बदल) म्हटलं असतं. मराठीत ताण, तणाव, टेन्शन सगळं एकाच पोत्यात.

नळस्टॉपवाली:
अगदी! काकू म्हणतात “ह्यांना कसलं टेन्शन, पेन्शन येतंय वेळेवर.”

फिजिओताई:
😂 इथे ताण म्हणजे काळजी नव्हे. मार बसल्यावर माणूस बेशुद्ध असला तरी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल (डॉक्टर म्हणाले ते स्ट्रेस हार्मोन) सोडतात, साखर वाढते, रक्तदाब सांभाळला जातो. म्हणून मी ‘शरीरावरचा ताण’ म्हणते. हार्मोनला संप्रेरक मात्र मस्त शब्द आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही चालना देणं असाच आहे.

आता गंमत बघा, कॉर्टिसॉल एरवी इन्फ्लमेशन दाबतं. पण ते फार काळ चढं राहिलं तर स्मृतीचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, त्याला सोसत नाही, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की आधीच ताणात असलेल्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया पुढच्या निमित्ताला जास्तच भडकतात.

कोथरूडकर_७२:
मग कॉर्टिसॉलसारखं काम करणारं स्टेरॉइड देऊन इन्फ्लमेशन दाबून टाकायचं, सोपंय.

पेठेतला वैद्य:
सोपं नाही. मोठी चाचणी झाली, २००४ ला लॅन्सेटमध्ये आली, डोक्याला मार लागलेले १०,००८ रुग्ण. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांत २१.१ टक्के गेले, बिनस्टेरॉइडवाल्यांत १७.९. तेव्हापासून डोक्याच्या माराला सरसकट स्टेरॉइड देत नाहीत. ‘सूज आहे ना, मग सुजेचं औषध द्या’ असं नातेवाईक म्हणतात ते ह्या एका शब्दापायीच.

फिजिओताई:
+१. आणि उलटंही होतं, माराने पिट्युटरी (मेंदूच्या तळाची, कॉर्टिसॉलचा हुकूम देणारी ग्रंथी) दुखावली तर कॉर्टिसॉल कमी पडतं आणि थकवा जातच नाही. नळस्टॉपवाली, मरगळ फार असेल तर सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल तपासणी लागेल का एवढं डॉक्टरांना विचारून ठेव.

नळस्टॉपवाली:
विचारते. काकूंना सांगितलं, पाणी उतरलंय, राखणदार अजून जागे आहेत. त्या म्हणाल्या “मग आमच्या सोसायटीच्या वॉचमनपेक्षा बरे.”