दिव्यात पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाला मदत कशी करावी?

प्रश्न – नौपाडा, ठाणे
आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताई आणि सुरक्षारक्षक असलेले त्यांचे पती ठाण्याजवळच्या दिवा भागात २२ लाखांचे, बांधकाम चालू असलेले वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) घर घेऊ पाहत आहेत. दोघांचे मिळून महिना ३८,००० रुपये उत्पन्न आहे, पण ताईंचे पैसे सगळे रोखीत येतात. विकसकाचा माणूस म्हणतो की आत्ता साध्या पावतीवर ३ लाख भरा, करारनामा मागाहून करू आणि पुढचे सरकारी अनुदानातून भागेल. मी त्यांना नेमकी कोणती मदत करावी?

प्रतिसाद – कळवा
ते ३ लाख कृपया भरू देऊ नका. रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांचे हित जपणारा कायदा) कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, म्हणजे येथे २ लाख २० हजारांच्या वर एक रुपयाही नाही. महारेराचा, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाचा, प्रकल्प नोंदणी क्रमांक पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि त्यात सामान्य कुटुंबे भरडली गेली. म्हणून परवानगीची प्रत घेऊन ठाणे महापालिकेच्या शहर विकास विभागात ती खरी आहे का, हे विचारून घ्यावे.

प्रतिसाद – ऐरोली (गृहकर्ज विभागात काम केले आहे)
अनुदानाबाबत त्यांची दिशाभूल होते आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असून ते वार्षिक हप्त्यांनी कर्जखात्यात जमा होते. सुरुवातीची रक्कम त्यातून भरता येत नाही. बँकेने ९० टक्के कर्ज दिले तरी स्वतःचे २ लाख २० हजार, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे १ लाख ५४ हजार, नोंदणीचे २२ हजार आणि १ टक्का जीएसटीचे २२ हजार, असे सव्वाचार लाखांच्या आसपास हाताशी हवेत. घर केवळ ताईंच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, आणि पतींना मालक न करताही सहकर्जदार म्हणून घेता येते. मात्र घरावर हक्क कोणाचा राहणार, हे दोघांनी आपसात आधी ठरवावे.

प्रश्नकर्ता
फार उपयुक्त माहिती. त्यांचे गावी घर आहे, त्याने काही अडते का?

प्रतिसाद – ऐरोली
ते कोणाच्या नावे आहे त्यावर अवलंबून आहे. पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावे देशात कुठेही पक्के घर असेल तर अनुदान मिळत नाही. सासऱ्यांच्या नावे असेल तर तेवढ्याने अडत नाही. घराचा उतारा मागवून नाव पाहा.

प्रतिसाद – घणसोली
एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. ताईंचे पैसे या महिन्यापासून बँक खात्यात जमा करा आणि त्या ज्यांच्याकडे काम करतात त्या इतर घरांनाही तसे सांगा. प्रत्येक घराने किती वर्षे, किती पगारावर काम चालू आहे, याचे सहीचे पत्र द्यावे. रोख उत्पन्न प्रत्यक्ष चौकशी करून मान्य करणाऱ्या गृहवित्त कंपन्या आहेत, पण त्यांचा व्याजदर बहुधा बँकेपेक्षा चढा असतो. काही महिन्यांच्या नोंदी पासबुकात दिसल्या की निदान बँकेत अर्ज तरी नेता येईल. विकसक घाई करत असला तरी तेवढे थांबावे.