मदत हवी आहे: पितळी दागिन्यांवर पारदर्शक लेप कोणता द्यावा, कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. घरीच पितळ आणि तांब्याचे दागिने घडवते. पत्र्यातून कापलेल्या कुयऱ्या, तारेचे झुमके, ठुशीच्या धर्तीची गळाबंद माळ, आणि काही कानातल्यांच्या मागे सोलापुरी चादरीच्या कापडाची चकती. सोन्याचं पाणी चढवत नाही. पितळ पितळासारखं दिसावं आणि तांबं तांब्यासारखं, म्हणूनच लोक माझ्याकडे येतात. पॉलिश झालेली कुयरी उन्हात धरली की जी झळाळी दिसते, ती घेणाऱ्याच्या घरीही टिकावी असं मनापासून वाटतं.

ती टिकत नाही, हीच अडचण आहे. एका ताईंनी कुयरीचा फोटो पाठवला. मधोमध बोटाचा तपकिरी ठसा, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. कडीपाशी, जिथे घाम साठतो, तिथे हिरवट थर. धातू खोटा नाही हे त्यांना पटलं, पण पैसे देऊन घेतलेली वस्तू अशी झाली की वाईट वाटणारच.

कारण मला समजतं. पितळात तांबं आणि जस्त असतं. तांब्यावर हवेतल्या ओलाव्याचा आणि गंधकाच्या वायूंचा परिणाम होतो, वर घामातलं मीठ आणि आम्ल. चिंच किंवा पितांबरीने घासलं की पुन्हा लखलखतं, पण नक्षीच्या खाचा हळूहळू बुजतात. म्हणून वरून पारदर्शक लेप द्यायचा विचार आहे.

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर तीन सल्ले मिळाले: फर्निचरला मारतात तो एनसी लॅकर, गाड्यांचा हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट, आणि डब्यातला अ‍ॅक्रिलिक स्प्रे. यातलं अंगावर घालायच्या वस्तूला काय चालतं? लेप दिल्यावर पितळ प्लास्टिकसारखं दिसू नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर स्टॉल लावायचा बेत आहे. संक्रांतीला काळ्या साडीवर पितळ फार खुलतं, त्यामुळे तोवर पद्धत पक्की व्हायला हवी. कोणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

हळदओली: मी बेंटेक्सच्या बांगड्यांना बिनरंगी नेलपॉलिश लावते. लग्नाच्या दिवसापुरतं ठीक, पण पुढे पापुद्रे निघतात आणि निघालेली जागा जास्तच काळी दिसते. विकायच्या वस्तूला नको.

जुना कारागीर: ओ ताई, लेप कुठला हे नंतर बघू. आधी धुण्याचं बघा. मी प्लेटिंगच्या कारखान्यात काम केलंय. लॅकर खराब निघाला म्हणून लोक ओरडतात, आणि दहातल्या नऊ वेळा खाली तेल किंवा आम्ल राहिलेलं असतं.

चिंचेने घासलं की पितळावर कधी कधी गुलाबी झाक येते. आम्लाने वरचं जस्त जातं आणि तांबं उघडं पडतं, म्हणून तसं होतं. ती झाक पॉलिशने काढल्याशिवाय लेप देऊ नका, नाहीतर ती कायमची आत राहील. आम्ल लावलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून वस्तू फिरवून घ्या. मग भांड्याच्या साबणाने मऊ ब्रशने धुवा. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग ठेवतं. गाडीच्या बॅटरीत घालायला शुद्ध पाणी मिळतं, ते वापरा. फक्त पाणीच घ्या, अ‍ॅसिडचा कॅन उचलू नका.

आता परीक्षा. ओली कुयरी उभी धरा. पाणी अखंड पातळ चादरीसारखं पसरलं तर धातू स्वच्छ. थेंब थेंब होऊन फाटलं तर तेलकटपणा राहिलाय, पुन्हा धुवा. ही परीक्षा चुकवायची नाही. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. हातमोजे घाला, वस्तू पूर्ण वाळवा, अ‍ॅसिटोनने एकदा पुसा आणि तारेला टांगा. फोटोतला तो बोटाचा ठसा लेपाखाली राहिला तर तो तिथंच गडद होत जाईल आणि वरून कितीही पुसला तरी निघणार नाही.

एका वेळचा लेप जाड नको. एक पातळ हात, वाळू द्या, मग दुसरा. जाड हात मारला की खाली ओघळ येतो आणि तुम्हाला नको असलेलं प्लास्टिक तिथंच दिसतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी गच्चीवर स्प्रे मारू नका. धातू तापलेला असतो, फवारा वस्तूवर पोचायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत भुकटी बसते. पावसाळी दमट हवेत उलटं होतं: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, ओलावा धरतो आणि लॅकर दुधासारखा पांढरा पडतो. तुमचं काम थंडीत आहे, ते बरं. ऊन वर आल्यावर, वारा नसलेल्या खोलीच्या दारात करा. आणि गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती यातलं काही जवळ नको. एनसी लॅकर आणि थिनर चटकन पेट घेतात.

प्रयोगवही: वरचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी रसायनाच्या बाजूने लिहिते.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. चकाकी छान देतो, पण प्रकाशाने कालांतराने पिवळा पडतो. अ‍ॅक्रिलिक त्या मानाने स्वच्छ राहतो. संग्रहालयांत तांब्या-पितळेच्या वस्तूंना अ‍ॅक्रिलिकच पसंत करतात. त्यामागे आणखी एक मोठं कारण आहे: हे दोन्ही लेप अ‍ॅसिटोनने विरघळून काढता येतात. लेप कधीतरी खराब होणारच, तेव्हा तो सहज उतरवता आला पाहिजे. गाड्यांचा हार्डनरवाला क्लिअर कोट टणक असतो, पण घरात अजिबात वापरू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्याची वाफ फुप्फुसांना घातक. शिवाय तो बिघडला की खरवडावा लागतो आणि नक्षी जाते. इपॉक्सी रेझिनही उन्हाने पिवळं पडतं.

काय लेपायचं आणि काय नाही, हे मात्र आधी ठरवा. कानातली, पदकं, पिना यांना घासणं कमी लागतं, तिथे लेप बराच टिकतो. अंगठी आणि बांगडी सतत कशावर तरी घासते. तिथे कडेचा लेप आधी जातो, उघड्या जागेतून ओलावा आत शिरतो आणि मधेच तपकिरी चट्टे पडतात. सगळी बांगडी सारखी जुनी दिसली तर ती सुंदर दिसते, चट्टे पडलेली नाही. बांगड्यांना मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (बारीक स्फटिकांच्या मेणाचा) पातळ हात द्या, मऊ कापडाने चमकवा. ते लवकर उतरतं, पण घरी कोणालाही पुन्हा लावता येतं.

कानात जाणारी तार लेपून भागत नाही. ती सर्जिकल स्टीलची किंवा चांदीची वापरा. लेपाच्या भरवशावर कोणाच्या त्वचेची हमी देऊ नका.

जुना कारागीर: कापडाची चकती, मोती, चिकटवलेले खडे हे सगळं लेप वाळल्यावर जोडायचं. अ‍ॅसिटोन मोत्याला आणि प्लास्टिकच्या खड्याला मारतं. मोठ्या कारखान्यांत विजेच्या टाकीत लॅकर चढवून भट्टीत पक्का करतात, तो सगळ्यात एकसारखा बसतो. पण तिथेही दोऱ्याची माळ चालत नाही, नुसता धातूच द्यावा लागतो.

हळदओली: मग चांदीच्या पैंजणांनाही लॅकर चालेल का? माझी फार लवकर काळी होतात.

प्रयोगवही: रोज पायात घालणार असाल तर नको, घोट्याला घासून निघेल. चांदी काळी पडते ती गंधकाने, वर सिल्व्हर सल्फाइडचा थर येतो. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत उरलेलं बहुधा तांबं असतं, त्याचाही वाटा असतो. पैंजण पुसून, कोरडं करून हवाबंद पिशवीत ठेवा, रबरबँड लावू नका कारण रबरात गंधक असतं. काळी झालेली साधी पैंजणं अ‍ॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांत ठेवली की थर उतरतो. मुद्दाम काळवलेल्या ऑक्सिडाइज्ड चांदीला मात्र हा उपाय करू नका, तिची सगळी नक्षी पांढरी होईल.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याची परीक्षा लगेच करून पाहिली. मला स्वच्छ वाटणाऱ्या कुयरीवर पाणी काठाशी फाटत होतं, पॉलिशचं मेण नक्षीच्या खाचेत बसलं होतं. जुन्या टूथब्रशने धुतल्यावर पाणी अखंड पसरलं.

असं ठरवलं आहे: कानातली आणि पदकं यांना अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात, बांगड्यांना वॅक्स, अंगठ्या तशाच. स्टॉलवर प्रत्येक दागिन्याबरोबर मराठीत चिठ्ठी देणार: लेप आहे की नाही, अत्तर आणि सॅनिटायझर लावून झाल्यावर दागिना घालावा, पितांबरीने घासू नये, मऊ कोरड्या कापडाने पुसावा. लेप उतरला तर आणून द्या, मी काढून पुन्हा देईन, हेही लिहीन. घेणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं.

एकच अडकलंय. ठुशीच्या बारीक पोकळ मण्यांना स्प्रे एका बाजूनेच बसतो, आणि फिरवायला गेलं की मणी एकमेकांना चिकटतात. पातळ केलेल्या लॅकरमध्ये मणी बुडवून, तारेवर सुटे ओवून वाळवावेत का? भोकात लॅकर साठून दोरा अडेल, अशी भीती वाटते. जुने कारागीर, तुमच्याकडे मण्यांना कसं करायचे?

जुना कारागीर: बुडवूनच करायचे. लॅकरात निम्मं थिनर घालून एका वाया जाणाऱ्या मण्यावर आधी बघा. मणी बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन बुडवा, वर काढून झटका, आणि जाड तारेवर अंतर ठेवून ओवा. लॅकर ओला असतानाच तार एकदा मागेपुढे सरकवा, भोक मोकळं राहतं. वाळल्यावर तार बदलून दुसरा हात द्या.