साठीनंतर स्वतःसाठी शिकणं हा स्वार्थ आहे का?

पंचगंगाकाठ
मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकतेय. मुलगा-सून पुण्यात, दोघंही नोकरीला, नात चार वर्षांची. मुलाचं म्हणणं, "आई, बाबांना घेऊन इकडंच या. मोडी काय पळून जात नाही." नणंदबाई तर तोंडावर म्हणाल्या, "ह्या वयात शिकून कुठं नोकरीला लागणार हाईस?"

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता खाली अक्षरं लिहीत जातात. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागाही सोडलेली नसते. आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत जमिनीचे कागद आहेत. त्यातली एक ओळ लावायला मी आणि आमचे हे अख्खी संध्याकाळ भिंग घेऊन बसलो. शब्द कुठं तुटतो यावर कडाक्याचं भांडण झालं. औषधं, दूध आणि लाइट बिल सोडून आम्ही इतकं शेवटचं कधी बोललो होतो, आठवत नाही.

नातीवर माझा जीव आहे. आजारपणाला, अडीनडीला मी पहिल्या गाडीनं जाते. पण "आई काय, मोकळीच आहे" हे गृहीत धरणं मला मान्य नाही. तुमचं मत सांगा.

कसबा बावड्याचा
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नात चार वर्षांची एकदाच असते. आमची पोरं माझ्या आईनं वाढवली, म्हणून बायकोची नोकरी टिकली. आईला भजनाची आवड होती, ते तिनं पोरांना मांडीवर घेऊन केलं. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. घर उभं राहतं ते कुणीतरी कुणासाठी थांबतं म्हणूनच. आणि मोडी आता ऑनलाइनही शिकवतात, पुण्यात बसून शिका की.

मंगळवारपेठकरीण
दादा, तुमच्या आईंना मनापासून नमस्कार. पण एक विचारते. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला. तरी त्या पिढीतल्या आमच्या घरच्या बायका अंगठाच उठवत राहिल्या. का? तर आई शेतात गेल्यावर धाकटं भावंड कुणी सांभाळायचं? सहाव्या वर्षी भावंडासाठी घरी आणि साठाव्या वर्षी नातवंडासाठी घरी. मग बाईनं शिकायचं कधी?

याच गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, गाण्या-बजावण्याचा देवल क्लब १८८३ पासून. पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत आणि वाचणारी माणसं थोडी. ताई शिकतायत ते गावाच्याही कामाचं आहे.

उद्यमनगर लेथवाला
मला ह्या वादात एकच सांगायचंय. हे सगळं पेन्शन असलेल्यांचं बोलणं झालं. माझा जन्म लेथवर गेला. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासनं हजार रुपयांवर हाय. बीपीच्या गोळ्या आणि गॅस, संपलं. म्हणून ह्या वयातबी शॉपवर जातो. मला तबला शिकायचा होता, अजूनबी वाटतं. अडवलं कुणी न्हाई, पोटच अडवतंय. ताईंनी शिकावं, खुशाल शिकावं. पण ज्याला शिकता येत न्हाई त्यो आळशी हाय असं कुणी समजू नये, एवढंच.

पुण्यातली कोल्हापूरकरीण
मी सुनेच्या बाजूनं लिहितेय. सासूबाई येत नाहीत तेव्हा नोकरी कुणाची सुटते? मुलाची नाही, सुनेची. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. माझ्या आधीच्या ऑफिसात ती कागदावरच राहिली आणि मुलगा दीड वर्षाचा असताना मी राजीनामा दिला. माझंही अर्धवट शिक्षण त्यातच राहिलं. ताई, तुमच्या शिकण्याचा आदर आहे, पण त्याची किंमत घरातली दुसरी बाई मोजतेय का, हे एकदा बघा.

पंचगंगाकाठ
लेथवाले दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. घर चालवण्याची चिंता मला नाही, म्हणून मी हा प्रश्न तरी विचारू शकते.

पुण्याच्या ताई, तुमचा मुद्दा मला फार लागला. कालच सुनेशी तासभर फोनवर बोलले, तिच्याशी, मुलाशी नाही. तिनं सांगितलं की शाळा सुटल्यापासून ती घरी येईपर्यंतचे तीन तास हीच खरी अडचण आहे, दिवसभराचं माणूस तिला नकोच आहे. मुलानं हे मला कधी नीट सांगितलंच नव्हतं. त्यानं स्वतः कामाची वेळ बदलून मागितली का, असं विचारलं तर ती गप्प झाली. मी तो प्रश्न आता त्यालाच विचारणार आहे.

कसबा बावड्याचा
आणि बाबांचं काय? त्यांना विचारलंत का?

पंचगंगाकाठ
विचारलं. त्यांना जायचंय. निवृत्तीनंतर इथं त्यांचा वेळ जात नाही, रंकाळ्यावरचा कट्टाही आता विरळ झालाय. म्हणून जूनमध्ये नातीची शाळा सुरू झाली की ते जाणार, मी इथंच. महिन्या-दोन महिन्यांनी एकमेकांकडं येणं-जाणं ठेवू. वरण-भात त्यांना येतो. मुलीची वेणी घालता येत नाही, ती शेजारच्या पोरीच्या डोक्यावर शिकतायत. आपल्यावाचून घर अडेल असं काहीतरी त्यांनाही हवंच होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

कसबा बावड्याचा
आजोबा जातायत हे चांगलंच झालं, पोरीला माणूस मिळालं. पण या वयात नवरा एका गावात, बायको दुसऱ्या गावात, हे मला अजूनही पटत नाही. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर शेजारी कोण असणार? दोघांचंही. त्याचं काय ठरवलंय ते आधी सांगा.