पहिल्या तिसांत असूनही घरी बसवलेला संघ : क्रमवारी पाळायचीच नसेल तर काढता कशाला?

इंडी_नाना
मार्च आला की माझं हे जुनं दुखणं डोकं वर काढतं. नवख्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त संघ, आणि मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेत 2024 साली जागा फक्त 68. त्यातल्या 32 जागा आपापल्या कॉन्फरन्सच्या (म्हणजे ठरावीक कॉलेजांच्या साखळीच्या) विजेत्यांना आपोआप मिळाल्या. उरलेल्या 36 समितीने बंद खोलीत बसून वाटल्या.

त्या 36मध्ये इंडियाना स्टेट नव्हतं. 28 विजय, 6 पराभव. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या स्वतःच्याच 'नेट' क्रमवारीत पहिल्या तिसांत! आणि पन्नाशीच्या पलीकडची व्हर्जिनिया आत. तिने डेटन शहरातल्या सुरुवातीच्या फेरीत काय दिवे लावले? कोलोराडो स्टेटकडून 67-42. चाळीस मिनिटांत बेचाळीस गुण हो!

सूत्र तुमचं, संगणक तुमचा. मग पाळा की.

खडूस_पंच
असहमत. नाना, 'नेट' ही गुणवत्ता यादी नव्हेच. समिती तिचा उपयोग प्रतिस्पर्धी कोणत्या वजनाचा होता हे ठरवायला करते. घरच्या मैदानावर पहिल्या 30तला, तटस्थ ठिकाणी पहिल्या 50तला किंवा परक्या मैदानावर पहिल्या 75तला संघ समोर असेल, तर तो सामना पहिल्या गटातला. तुमच्या लाडक्या संघाने असे सामने खेळले किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून 84-80 हरले. तो जिंकला असता तर समितीच्या दारात उभंच राहावं लागलं नसतं.

इंडी_नाना
खेळणार कोणाशी? मोठे संघ इंडियाना स्टेटच्या गावी, टेरे होटला येतात का? तिथे हरले तर नाक कापलं जातं, जिंकले तर कोणी विचारत नाही. ते पैसे मोजून लहान कॉलेजांना आपल्याच मैदानावर बोलावतात. म्हणजे पोराला तालमीत शिरू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, याने कुस्ती कुठे मारलीय!

रनरेट_रम्या
माझा आक्षेप वेगळाच. जुनी आरपीआय पद्धत निदान कागदावर मांडता यायची: 25 टक्के स्वतःचे निकाल, 50 टक्के प्रतिस्पर्ध्यांचे, 25 टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे. 2018मध्ये ती गेली आणि नेट आलं. त्यात सुरुवातीला गुणांच्या फरकाला 10ची मर्यादा होती, 2020मध्ये तीही उडाली. आता डिसेंबरात एखाद्या दुबळ्या संघाला चाळीसने धुवायचं आणि क्रमवारी सजवायची. आयपीएलच्या नेट रनरेटचीच बहीण.

खडूस_पंच
सख्खी नाही, चुलत. रनरेटला समोर कोण होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. इथे चेंडू ताब्यात आल्यावर दर शंभर वेळांमागे किती गुण केले, किती दिले हे बघतात आणि समोरच्याच्या ताकदीप्रमाणे त्यात फेरफार करतात. स्वतःची वेगळी क्रमवारी काढणारा केन पोमरॉय हेच कितीतरी वर्षं करत आलाय. मूळचा हवामान खात्यातला माणूस, अंदाज बांधणं त्याच्या रक्तातच. चाळीसने धुतलंत तरी समोरचा संघ लिंबूटिंबू असेल तर सूत्राची तेवढीच अपेक्षा असते.

राली_वहिनी
आमच्या शेजारच्या चॅपल हिलचं कोणी बोलेना! 2025मध्ये तिथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने पहिल्या गटातले 13 सामने खेळले आणि जिंकला एक. तरी आत. निवड समितीचा तेव्हाचा अध्यक्ष कोण? त्याच विद्यापीठाचा क्रीडा संचालक. चर्चेच्या वेळी तो खोलीबाहेर होता म्हणे, असेलही. बाहेर राहिलेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने तर पत्रकार परिषद घेतली. आणि मग आमच्या पोरांनी सॅन डिएगो स्टेटला 95-68 लोळवलं. आता सांगा, समिती चुकली की बरोबर? (मी त्या रात्री गप्प टाळ्या वाजवल्या. ह. घ्या.)

खडूस_पंच
एका सामन्यावरून काहीच ठरत नाही. पण मग नानांचं ते 67-42 पण बाद.

इंडी_नाना
बरं, केलं बाद. 28 विजय तर राहतात ना?

अधलीमधली
तुम्ही दोघं वेगवेगळे प्रश्न सोडवताय. पंच विचारतायत 'कमावलं काय?' आणि नेट, पोमरॉय सांगतात 'उद्या कोण जिंकेल?' पहिल्या प्रश्नासाठी 2024-25पासून समितीच्या कागदावर आणखी एक आकडा आलाय: काठावरच्या एखाद्या संघाला तुमचंच वेळापत्रक दिलं असतं, तर त्याच्यापेक्षा तुम्ही किती सामने जास्त जिंकलात? त्यात गुणांचा फरक नाही, फक्त हारजीत. मला हा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

रनरेट_रम्या
आणि तो 'काठावरचा संघ' ठरवणार कसा? शेवटी क्रमवारीवरूनच. फिरून फिरून भोपळे चौक.

इंडी_नाना
शेवटचं लिहितो आणि झोपतो. बाहेर ठेवलेले बरेच संघ खेळतात त्या एनआयटीत इंडियाना स्टेट गेलं आणि फायनलला पोचलं. सामना इथेच, इंडियानापोलिसच्या हिंकल स्टेडियममध्ये. मी वर, लाकडी बाकावर. खाली गॉगलवाला अविला, सहा फूट दहा इंचांचा गडी, रिंगपासून लांब उभा राहून पत्ते वाटावेत तसे पास वाटत होता. माझ्या शेजारचे आजोबा 1979मध्ये याच कॉलेजच्या, लॅरी बर्डच्या संघाची फायनल बघितलेले. ते पूर्ण सामनाभर एक अक्षर बोलले नाहीत. सीटन हॉल 79, आम्ही 77. काही दिवसांतच प्रशिक्षक सेंट लुईसला गेला, मागोमाग अविलाही.