दमट हवेत घराला बाहेरून रंग : कोणता द्यावा, कधी द्यावा?

पागोळी
आमचं घर एकमजली, सिमेंटच्या गिलाव्याचं. हवा वर्षातला बराच काळ दमट असते. बाहेरचा आधीचा रंग अ‍ॅक्रिलिक आहे. ज्या भिंतीवर ऊन येत नाही तिथे काळं-हिरवं धरलंय आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या अंगाला फुगे येऊन पोपडे सुटतायत. दुकानदार म्हणतात इलास्टोमेरिक घ्या, जाड असतो, भेगा झाकेल. रंगारी म्हणतात साधा अ‍ॅक्रिलिकच द्या, पण तीन हात. कोणाचं ऐकू? आणि हवा रंगवण्याजोगी आहे हे ओळखायचं कसं?

ओळंबा
पागोळी, रंग कोणता हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी न्हाणीघराची भिंत बघा. तिथे पाणी बहुधा आतून येतंय: फरशीचे सांधे, नळाची जोडणी किंवा भिंतीत गाडलेला पाइप. ते बंद झाल्याशिवाय कुठल्याही कंपनीचा रंग तिथे टिकणार नाही.

खात्री करायची तर सुटलेला रंग खरवडून तिथे साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट लावा आणि किमान १६ तास राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा गिलावा काळपट पडला, तर ओल भिंतीतच आहे. दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करा. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून वाळायला बरेच आठवडे घेते, म्हणून इथे घाई नकोच.

आता इलास्टोमेरिकबद्दल. त्याचा थर जाड असतो आणि केसासारख्या भेगांवर ताणला जातो, हे खरं. पण बहुतेक प्रकारांतून वाफ सावकाश बाहेर पडते. भिंतीत पाणी असेल तर ते त्या थराच्या मागे अडकतं आणि आज रुपयाएवढे आहेत ते फुगे उद्या ताटाएवढे होतात. ओल्या भिंतीवर तो माझ्या मते मुळीच देऊ नये.

चुन्याची निवळी
शेवाळाबद्दल लिहिते, कारण इथेच बहुतेक जण नुसता ब्रश मारून पुढे जातात. काळा डाग मळाचा की बुरशीचा, हे आधी बघा. त्यावर घरगुती ब्लीचचा थेंब टाका. मिनिटाभरात फिका पडला तर बुरशी किंवा शेवाळ, तसाच राहिला तर मळ.

बुरशी असेल तर एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी असं मिसळून लावा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या (मध्ये वाळू लागलं तर पुन्हा ओलं करा), घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. खालची झाडं आधी पाण्याने भिजवून झाकून घ्या. कोरडं शेवाळ खरवडू नका, बीजाणू उडून शेजारच्या भिंतीवर बसतात. आणि जिवंत बुरशीवर रंग दिलात तर ती रंगातून पुन्हा वर येते.

बुरशीरोधक रंग घ्याच, पण त्यातलं औषध पावसाबरोबर हळूहळू धुऊन जातं. त्यामुळे भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटणं आणि वेल काढणं यांचा उपयोग जास्त टिकतो. वारा खेळला की भिंत लवकर वाळते.

परांची
ओळंबा, इलास्टोमेरिक सरसकट बाद करू नका. जी भिंत आतून कोरडी आहे पण पावसाचा मारा थेट झेलते आणि जिला बारीक भेगा आहेत, तिथे तो चांगलं काम करतो. मोठी भेग मात्र रंगाने भरायची नसते. ती V आकारात उकरून, धूळ झटकून, रंग धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. साध्या सिलिकॉन सीलंटवर रंग बसत नाही.

हवेबद्दल. अ‍ॅक्रिलिकसारखा पाण्यात मिसळायचा रंग नुसता सुकत नाही. पाणी उडून गेल्यावर त्यातले कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा धरतात. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पाणी फार सावकाश उडतं, म्हणून त्या दिवशी काम नको. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते, त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं, नाहीतर न दिसणारं दव रंगाखाली राहतं. सकाळी भिंतीवरचं दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा, तापलेल्या भिंतीवर नको, सावली सरकेल तसं मागोमाग जा. संध्याकाळी दव पडायच्या निदान दोन-तीन तास आधी हात थांबवा. ताज्या रंगावर दव पडलं की तपकिरी, चिकट ओघळ उतरतात. ते रंगातल्या साबणासारख्या द्रव्याचे असतात आणि बहुतेकदा पाण्याने धुतले जातात, घाबरून लगेच वरून हात मारू नका.

दोन हातांमधलं डब्यावर लिहिलेलं अंतर कोरड्या हवेचं समजा, दमट हवेत ते वाढवा.

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. न्हाणीघराच्या पाइपचं काम आधी काढते. दोन शंका: दुरुस्तीनंतर तिथे नवा गिलावा होईल, त्यावर रंग कधी? आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली काळे ओघळ येतात, त्याचं काय करू?

ओळंबा
नवा गिलावा किमान २८ दिवस राहू द्या. ताज्या सिमेंटचा पीएच (क्षारपणाचं माप) १२-१३ असतो, एवढा तीव्र क्षार रंग जाळतो. पांढरा खार वर आला तर कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाणी मारलंत तर तो विरघळून परत आत जातो. मग क्षाररोधक प्रायमर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन पूर्ण हात. तीन पातळ हातांपेक्षा ते बरे, पाणी डब्यावर सांगितलंय तेवढंच घालू द्या. वाफ सहज जाऊ देणारा सिलिकॉन रेझिनचा रंग मिळाला तर त्या भिंतीसाठी मी तोच निवडेन.

ओघळांचं कारण कठड्याचा माथा. त्याचा उतार गच्चीच्या बाजूला करून घ्या, म्हणजे धूळ-पाणी दर्शनी भिंतीवर उतरणार नाही. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, काठाजवळ एक खाच ठेवायला सांगा, पाणी तिथेच तुटून खाली पडतं. गवंडी घरी आलेलाच असेल, तेव्हा हे रंगाच्या आधीच उरकून घ्या, परांची दोनदा बांधावी लागणार नाही.