'अर्थ येतो' म्हणजे नेमकं काय येतं?

प्रश्न : परवा सासूबाई म्हणाल्या, "वॉशिंग मशीनला अर्थ येतोय, चप्पल घालून हात लाव." वायरमन आला, टेस्टर लावून म्हणाला, "ताई, मशीनला अर्थच नाहीये." एकाला अर्थ येतोय, दुसऱ्याला तो नाहीच! मग अर्थ म्हणजे झटका, की झटक्यापासून वाचवणारी तार? बोलताना कोणता शब्द वापरावा?

उत्तर : ताई, दोघंही एकच बिघाड सांगत होते. पण वायरमनचा शब्द बरोबर आहे, आणि सासूबाईंच्या वापरानं घात होऊ शकतो.

हा 'अर्थ' इंग्रजीतून आला, म्हणजे जमीन. थ्री-पिन प्लगची जाड पिन, तिला जोडलेली हिरवी (हल्ली हिरवी-पिवळी) तार आणि ती जिथे पुरलेली असते तो मीठ-कोळशाचा खड्डा, ही सगळी वाट म्हणजे अर्थिंग. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणून प्लग बसवताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. आत कुठे फेजची (वीज आणणारी) तार सोलून पत्र्याला टेकली, तर करंट या वाटेनं जमिनीत धावतो. वाट चांगली असेल तर तो इतका वाढतो की फ्यूज वितळतो किंवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारं बोर्डावरचं बटण) पडतो. वाट तुटलेली असेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जमीन गाठतो. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तरी हा करंट २३० मिलिअँपियर होतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो कित्येक अँपियरवर पडणारा. माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं, म्हणजे परतीच्या तारेनं, पूर्ण परत आला नाही, ३० मिलिअँपियरच्या आसपास फरक पडला, की ती वीज तोडते.

म्हणजे 'अर्थ येतो' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा अर्थ नसतो म्हणूनच झटका बसतो. शब्द उलटा झाला की उपायही उलटा होतो. आमच्या चाळीत एका काकांनी "इस्त्रीला अर्थ येतो" म्हणून हिरवी तारच कापून टाकली होती. त्यांना वाटलं, झटका तिच्यातूनच येतोय. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

प्रतिसाद : आमच्या वऱ्हाडात 'कूलर करंट मारते' म्हणतात. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी पोरं. पेपरवाले लिहितात 'कूलरमध्ये वीजप्रवाह उतरला'. मला हे 'उतरणं' फार नेमकं वाटतं. करंट जिथे नको तिथे उतरला, हे एका क्रियापदात कळतं.

उत्तर : अगदी खरं, दादा. भिंतीत ओल उतरते तसा पत्र्यात करंट उतरतो. मी तर म्हणेन, बिघाडासाठी 'करंट उतरलाय' हेच म्हणावं आणि 'अर्थिंग' फक्त वाचवणाऱ्या वाटेसाठी राखावं. उन्हाळ्यात माती वाळली की तिचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. कूलर भरताना तेवढी एक बादली तिकडेही जाऊ द्या. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढाच.

प्रतिसाद : पुस्तकातलं 'भूसंपर्कन' का नको? 'अर्थ' म्हटलं की मराठी माणसाला आधी शब्दाचा अर्थच आठवणार.

उत्तर : लिहिताना जरूर वापरावा, शब्द स्वच्छ आहे. पण वायरमनला "भूसंपर्कन तपासा" म्हटलं तर तो थांबेल, "अर्थिंग चेक करा" म्हटलं तर लगेच कामाला लागेल. जीवाशी गाठ असलेल्या ठिकाणी समोरच्याला पटकन कळणारा शब्दच मी निवडेन.

प्रश्नकर्ती : आज सॉकेट उघडून घेतलं. हिरवी तार आत होती, पण कुठेच जोडलेली नव्हती, नुसती दुमडून ठेवलेली. बारा वर्षं तशीच! ती जोडताच एमसीबी पडला. मशीनच्या मोटरमध्ये करंट उतरलेला निघाला. सासूबाईंनी आता सगळ्या घरातली सॉकेटं उघडायला लावली आहेत.